दाब तोच, उंची कमी

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार. सकाळी दूध आणायला बाहेर पडलो आणि पोर्चमधल्या गाडीकडे बघून थबकलो. मागचा डावा कोपरा बसला होता. पंक्चर असेल म्हणून वाकून पाहिलं, तर टायर टम्म. चाकावरची कमान मात्र इतकी खाली आली होती की टायर आणि पत्रा यांच्यामध्ये हाताचा पंजा जाईना. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बरोबर चौदा दिवसांवर आली होती.

चवथ म्हटलं की आमचं फोंड्याचं घर बंद होतं आणि सगळे वाळपईच्या पुढे, मूळ घरी जातो. आई, आम्ही दोघं, दोन मुली, भाऊ आणि वहिनी. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला ना खाली वाकून छोट्या गाडीत बसता येत, ना बसच्या पायऱ्या चढता येत. चार वर्षांपूर्वी ही सात आसनी एसयूव्ही सेकंडहँड घेतली ती तिच्यासाठीच. गाडी अकरा वर्षांची. पुढे नेहमीच्या पोलादी स्प्रिंगा आणि मागे दोन बाजूंना दोन हवेचे बेलो, म्हणजे स्प्रिंगेच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या. मागे माणसं, सामान भरलं की गाडी स्वतःच हवा भरून घेते आणि पाठ सरळ ठेवते. मूळ घराच्या वाटेवरच्या शेवटच्या दीड किलोमीटरला या सोयीची किंमत कळते.

चावी फिरवली तशी मागून घरघर सुरू झाली. तो काँप्रेसर, बेलोत हवा भरणारा पंप. एरवी तो पंधरा-वीस सेकंद चालून गप्प होतो, त्या दिवशी दीड मिनिट चालला. गाडी हळूहळू सरळ झाली आणि काचेमागचा पिवळा दिवा विझला. दुपारी परत बसलेली. संध्याकाळी पुन्हा दीड मिनिट घरघर.

रविवार-सोमवार असेच गेले. मंगळवारी पणजीच्या बाजूच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. त्यांनी स्कॅनर लावला. बेलो भरायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागतोय, असा कोड आला. काँप्रेसर कमजोर झाला, बदलावा लागेल, असं सांगून त्यांनी कागद पुढे केला. आकडा ऐंशी हजारांच्या घरातला. मी विचारलं, बेलो तपासले का? सांगितलं, कोड काँप्रेसरचा आहे.

इथे मला माझं काम आडवं आलं. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. दाबाखालची हवा हा माझा रोजचा विषय. आमच्याकडे काँप्रेसर थांबायचं नाव घेत नसेल, तर त्याला कोणी हात लावत नाही. आधी सगळ्या लाइनी फिरतात, कुठे सूं-सूं ऐकू येते का बघतात. दहातल्या नऊ वेळा एखादा सांधा सुटलेला सापडतो. भरायला वेळ लागतो, एवढंच तो कोड सांगत होता. भांडं भरत नसेल तर नळ बारीक आहे की भांड्याला भोक आहे, हे त्यावरून कसं कळणार? कागद घडी करून खिशात ठेवला आणि गाडी घरी आणली.

त्या रात्रीपासून मोजायला लागलो. शिवणाची टेप घेतली. चाकाच्या मधोमध असलेल्या बिंदूपासून वर कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि फरशीचा उतार दोन्ही हिशेबात घुसतात, म्हणून चाकाच्या मध्यापासून. रात्री नऊ वाजता डावीकडे ५९, उजवीकडे ५९.२ सेंटिमीटर. पहाटे सहाला डावीकडे ५३.४, उजवीकडे ५४.१.

दोन्ही बाजू उतरल्या! मी गोंधळलो. दोन्ही बेलो एकदमच फुटले? मग लक्षात आलं की गाडी बंद असली तरी तिचा कंट्रोल युनिट मधूनमधून जागा होतो. एक बाजू खाली गेलेली दिसली आणि काँप्रेसर चालवण्याची परवानगी नसली, तर दुसऱ्या बाजूची हवा सोडून दोन्ही सारख्या करतो. म्हणजे आजारी बाजूला सोबत म्हणून निरोगी बाजूही खाली. दुसऱ्या रात्री फ्यूज काढून ठेवला, म्हणजे मध्ये कोणाची ढवळाढवळ नको. सकाळी डावीकडे ५२.१, उजवीकडे ५८.८. आता बोट एका जागेवर आलं. रात्री गारवा येतो, आतली हवा आकसते, तेवढ्यानेही चार-पाच मिलिमीटर जातात, तेव्हा उजवीकडचा फरक मी सोडून दिला. डावीकडे मात्र सात सेंटिमीटर.

फ्यूज परत लावला, चावी फिरवली, आणि काँप्रेसर बोललाच नाही. पुन्हा फिरवली. शांत. पिवळा दिवा आणि बसलेली गाडी. त्या वर्कशॉपचं बरोबर असावं, मीच दोन दिवस फुकट घालवले असं वाटून पोटात गोळा आला. आई दारात उभी होती. "राहू दे रे, यंदा टॅक्सी करू," म्हणाली. टॅक्सीत दोन मैल तरी ती गुडघे कसे दुमडून बसणार, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

खडपाबांधला एक मेस्त आहेत. गोव्यात मेस्त म्हणजे हाताने काम जाणणारा, मग तो सुतार असो नाहीतर गाड्यांचा. हे आधी खाणींचे ट्रक बघायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारोदार गंजत उभे राहिले, आणि मेस्त छोट्या गाड्यांकडे वळले. माझ्या दृष्टीने त्यांचं खरं शिक्षण त्या ट्रकांच्या हवेच्या ब्रेकवर झालेलं. हवा कुठून जाते ते त्यांना कानाने कळतं. अशा एसयूव्हीला त्यांनी पूर्वी हात लावला नव्हता, तसं त्यांनी सांगितलंही. "पयलीं पळोवया," आधी बघूया, एवढंच म्हणाले आणि अंगावर पावसाचा सदरा चढवून माझ्यासोबत आले.

काँप्रेसरचा प्रश्न त्यांनी दहा मिनिटांत सोडवला. मागच्या फ्यूजपेटीतला रिले, म्हणजे काँप्रेसरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, उपटून त्याचं झाकण नखाने उघडलं. आतला संपर्कबिंदू काळाठिक्कर. रिलेच्या जागी वायरीचा तुकडा लावून वीज थेट दिली आणि मागून घरघर आली. मला तो आवाज एवढा गोड कधी लागला नव्हता. मग काँप्रेसरच्या तोंडाची नळी सोडवून तिथे ट्रकच्या ब्रेकचं प्रेशर गेज लावलं. काटा काही सेकंदांत १० बारच्या वर गेला, लगेच वायर काढली. काँप्रेसर जिवंत होता. दिवसातून वीस-वीस वेळा दीड मिनिट धावून धावून त्याच्या रिलेने मान टाकली होती. आम्ही त्याच्या मरणाची तयारी करत होतो आणि तो बिचारा गळणाऱ्या घरात पाणी ओतत होता.

आता गळती. हवा तीन जागी जाऊ शकत होती: बेलो, नळी, किंवा दोन्ही बाजूंना हवा वाटून देणारा व्हॉल्व्ह ब्लॉक. मेस्तांनी डाव्या बेलोची नळी ब्लॉकपासून तोडली आणि मध्ये गेज व कॉक बसवून बाहेरच्या काँप्रेसरने हवा भरली. गाडी वर आली. काटा ६ बारवर. कॉक बंद. आता काटा उतरला तर बेलो किंवा नळी, न उतरला तर व्हॉल्व्ह ब्लॉक.

अर्धा तास झाला, काटा ६ वरच. पाऊण तास, ६. मेस्त म्हणाले, "कांटो हालना. बेलो बरो आसा." ट्रकवर त्यांनी हजारदा केलेली परीक्षा होती ती, आणि तिथे ती कधी चुकली नव्हती. व्हॉल्व्ह ब्लॉक मागवायचा असं जवळजवळ ठरलं. सवय म्हणून मी टेप लावली. ५९ वर भरलेली गाडी ५८.२ वर आली होती.

काटा हलत नाही आणि गाडी उतरते. आम्ही दोघं भिंतीला टेकून पावसाकडे बघत राहिलो. मग मला उमगलं, आणि इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचं वाईट वाटलं. ब्रेकची टाकी पोलादी असते. तिच्यातली हवा गेली की जागा तेवढीच राहते, म्हणून दाब पडतो. बेलो रबराचा, त्याच्यावर गाडी बसलेली. त्याच्यातला दाब हवा किती आहे यावर ठरत नाही, वर किती वजन आहे आणि ते किती क्षेत्रफळावर टेकलंय यावर ठरतो. हवा गेली की बेलो लहान होतो, गाडी खाली येते, पण वजन तेच, क्षेत्रफळ जवळपास तेच, म्हणून दाबही तोच. गाडी रबरी ठोकळ्यावर टेकेपर्यंत काटा ६ वरच राहणार. या यंत्रात गळती काट्यावर दिसत नाही, टेपवर दिसते.

मी हे जमिनीवर खडूने काढून दाखवलं. मेस्तांनी ते दोनदा बघितलं, मग काही न बोलता जॅक आणि गाडी टेकवायच्या दोन लोखंडी घोड्या घेऊन आले. त्यांना माझ्या आधी कळलं होतं की पुढे काय करायचं. गाडीचं अंग नेहमीच्या उंचीवर घोड्यांवर ठेवलं, चाक जमिनीवरच. आता बेलोला ना लहान होता येत होतं, ना मोठं. मुद्दाम कमी हवा भरली, ४ बार, म्हणजे बेलो गाडीला घोडीवरून उचलणार नाही. आता तो टाकीसारखाच झाला. अर्ध्या तासात काटा ३.८ वर आला. "वारो खंय तरी वता," हवा कुठेतरी जातेय, मेस्त म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

कुठून, ते साबणाने सांगितलं. भांडी घासायचा पातळ साबण पाण्यात घालून फवारणीच्या बाटलीत भरला. सांध्यावर फवारला, काही नाही. नळीवर, काही नाही. बेलोच्या भिंतीवरही काही नाही. बेलो खालच्या बाजूला स्वतःवरच दुमडून एका ठोकळ्यावरून वर-खाली घरंगळतो. ती घडी नेहमीच्या उंचीला आत दडलेली असते. मेस्तांनी गाडीचं अंग जॅकने आणखी वर घेतलं, घोड्या एक खाच वाढवल्या, चाक लोंबू दिलं. घडी उलगडली तशी तिच्यातून तांबडी माती गळाली. फवारल्यावर तिथे मोहरीएवढे बुडबुडे, एका ओळीत, थांबता थांबेनात. घडीच्या रेषेवर चार बोटं लांब बारीक चिरा. आमच्याकडची जांभ्याची धूळ त्या घडीत जाऊन बसते, वर पावसाचं पाणी, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक रबर त्या मातीवर घासलं जातं. पॉलिश पेपरच म्हणायचा.

हे करून बघणाऱ्याला एक सांगतो. हवेवरच्या गाडीखाली, किंवा टायर आणि कमान यांच्यामध्ये, घोड्या लावल्याशिवाय हात घालू नका. जॅकचा भरवसा नाही आणि बेलोचा तर मुळीच नाही. साबण फवारताना माणसाला डोकं आत घालायचा मोह होतो. मेस्तांनी मला दोनदा खांद्याला धरून मागे ओढलं.

उजवा बेलो उघडून पाहिला, त्याच्याही घडीवर केसासारख्या रेषा होत्या. वय एकच, रस्तेही तेच. दोन्ही मागवायचे ठरवले. ३० तारखेला मुंबईहून मागवले, दोन्ही मिळून एकतीस हजार. रिले पाचशेच्या आत.

वाट बघायच्या दिवसांत मेस्तांनी काँप्रेसर खाली उतरवून त्याचा ड्रायर उघडला. हे मी सुचवलं होतं, आणि बरं झालं. बाहेरची हवा बेलोकडे जाताना ओल शोषणाऱ्या मण्यांमधून जाते. गाडी खाली करायची वेळ आली की तीच कोरडी हवा त्याच मण्यांमधून उलटी बाहेर पडते आणि जाताना मण्यांमधली ओल घेऊन जाते. असा तो ड्रायर स्वतःलाच वाळवत असतो. पण बेलो गळत असेल तर हवा उलटी येतच नाही, चिरांमधून परस्पर जाते. मग ड्रायरमध्ये नुसती नवी ओली हवा येत राहते, आणि तीही गोव्याच्या ऑगस्टातली! आमच्या ड्रायरमधले मणी चिकटले होते, तळाशी पिठासारखा लगदा झाला होता. ते ओतून, डबी वाळवून नवे मणी भरले. नाहीतर ते पीठ व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसलं असतं, आणि पुढच्या वर्षी खरोखरच व्हॉल्व्ह ब्लॉकचा खर्च आला असता.

बाजारात तोवर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान यायला लागलं होतं. घरात वहिनीचे फोन, फळं कोण आणणार, फटाके कोण. मी सगळ्यांना हो हो म्हणत होतो आणि कुरियरचा नंबर दर तासाला तपासत होतो.

३ सप्टेंबरला, मंगळवारी, खोका आला. बसवायचं काम तसं सोपं, पण खारी हवा आणि अकरा पावसाळे आडवे आले. डाव्या बेलोखालचा बोल्ट हलेना. रबराजवळ आच लावायची सोय नाही. रात्रभर तेल सोडून ठेवलं आणि सकाळी लांब पान्याने तो कुरकुरत सुटला. नवा बेलो वर अडकवला, खाली बसवला, नळीचा सांधा नवा घातला. इथे मेस्तांनी घाई केली नाही. बेलोवर गाडीचं वजन टाकण्याआधी त्यात थोडी हवा भरली, दोनेक बार, घडी बोटाने चाचपून सगळीकडून सारखी पडलीय ना ते पाहिलं, मगच जॅक इंच-इंच उतरवला. रिकाम्या बेलोवर गाडी बसवली तर घडी वाकडी पडते आणि नवा बेलो पहिल्याच दिवशी चिमटीत सापडून फाटतो. बाहेरच्या काँप्रेसरच्या टाकीतलं पाणी मी आधीच सोडून घेतलं होतं. निघालं ते लोटाभर होतं. एवढं पाणी नव्या मण्यांना पाजायचं का?

बुधवारी संध्याकाळी नवा रिले लावला, चावी फिरवली. घरघर झाली, गाडी उचलली गेली आणि वीस सेकंदांत सारं शांत झालं. पण उजवी बाजू दीड सेंटिमीटर उंच. चाकाजवळ उंची मोजणारा सेन्सर असतो, त्याला एक बारीक दांडी जोडलेली असते. उजवीकडची दांडी गंजून सांध्यात अडकत होती. ती साफ करून मोकळी केली. मग ओळखीच्या एकाकडून स्कॅनर आणून त्यात दोन्ही बाजूंची टेपने मोजलेली मापं भरली. गाडीला तिची उंची नव्याने सांगावी लागते, हे मला माहीत नव्हतं.

त्या रात्री पुन्हा फ्यूज काढला. डावीकडे ५९, उजवीकडे ५९. झोप लागली नाही म्हणून एक वाजता उठून बॅटरी घेऊन पोर्चमध्ये गेलो. ५८.९, ५९. सहाला ५८.८ आणि ५८.८.

मेस्तांनी मजुरीचे सहा हजार सांगितले. मी जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत. जुना डावा बेलो मात्र मागून घेतला. गॅरेजमध्ये कामाला असलेल्या पोराला ती घडी उलगडून दाखवायची होती त्यांना, आणि खडूने काढलेलं ते चित्रही त्याला समजावून सांगाल का, असं मला विचारलं. मी एका दुपारी गेलो. पोरगा हुशार. त्याने विचारलं, मग मागे सामान जास्त भरलं तर काटा वर जाईल का? जाईल, म्हटलं. तोच तर या सगळ्याचा अर्थ.

६ तारखेला, शुक्रवारी, आम्ही सातजण निघालो. डिकीत नारळ, केळीचा घड, कपड्यांच्या पिशव्या. मुलींच्या मांडीवर माटोळीच्या फळांचे करंडे. सगळे बसले तशी मागची बाजू किंचित दबली, घरघर झाली आणि गाडीने पाठ सरळ केली. खांडेपार, उसगाव, वाळपई. शेवटच्या दीड किलोमीटरला पावसाने रस्त्याची पार चाळण केली होती. मी आरशात बघत होतो, आई पुढे माझ्याशेजारी. तिने एकदाही दाराच्या वरचा दांडा धरला नाही.

चवथीच्या दिवशी पहाटे, घरात कोणी उठायच्या आत, अंगणात टेप घेऊन वाकलो. तुळशीकडून अजून पाणी ठिबकत होतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"मोजलें?" मेस्तांनी विचारलं.

"डावीकडे ५८.९. उजवीकडे ५८.८."

"बरें," म्हणाले, आणि त्यांच्याकडून घंटेचा आवाज आला. त्यांच्या घरी पूजा सुरू झाली होती.